हरणांसाठी उघडलेलं फाटक

अर्बाबने, म्हणजे माझ्या अरब मालकाने, काही सांगितलं की मी आधी हो म्हणतो आणि मग तीन गोष्टी विचारतो: कुठे, कधीपर्यंत, आणि गाडी कुठली न्यायची. निझवातलं त्यांचं पाइप-मोटारींचं दुकान आणि आदम गावच्या रस्त्यावरचं शेत मी याच पद्धतीने सांभाळत आलो. काम मोबाइलमध्ये लिहायचं, झालं की खोडायचं. कशासाठी, हे माझ्या यादीत नसतं.

त्या वर्षी उन्हाळा ओसरल्यावर ते दुकानात काहवा पीत बसले होते. म्हणाले, “सदीक,” म्हणजे दोस्त, मला ते हीच हाक मारतात, “शेताच्या मागे, डोंगराच्या बाजूला एक लहान तुकडा कर. गत लाव. हरणं आली पाहिजेत.”

मी हो म्हटलं. कशासाठी, असं विचारलं असतं तरी “बघायला” असंच उत्तर मिळालं असतं, आणि ते खोटं नव्हतं. शिकारीची गोष्ट नंतर आली.

गत म्हणजे आपला लसूणघास. इथे खजुराच्या झाडांखाली सगळीकडे तोच असतो, शेळ्यांना आणि उंटांना. पेरणं मला नवीन नव्हतं. पण जनावर बोलवायला पेरायचं, हे नवीन होतं. मी कणकवलीकडचा. आमच्याकडे रानातलं जनावर शेतात येऊ नये म्हणून लोकांच्या पिढ्या माचावर बसल्या. डबे बडवायचे, आरोळ्या ठोकायच्या, बापाचा घामट सदरा काठीवर अडकवून बांधावर उभा करायचा. माणसाचा वास आला की भेकर वाट बदलतं. लहानपणी मी ते सगळं केलेलं. आता तेच उलटं करायचं होतं. मी मनात म्हटलं, सोपं आहे. जे करायचो ते करायचं नाही, एवढंच.

जमीन म्हणजे नुसते गोटे. ट्रॅक्टरने वरवर नांगरून घेतली, गोटे वेचून कडेला लावले, शेळ्यांचं खत घातलं, ठिबकच्या नळ्या पसरल्या. मदतीला आमचा पिकअपचा ड्रायव्हर होता, मालवणचा. सुट्टीला शहरात, रुईत गेला की तिथल्या हमरियात कुणाच्या तरी खोलीवर भजनाला बसतो, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणतात. बी टाकायच्या सकाळी बुवा नारळ घेऊन आला.

“दादानू, नवी जमीन. गाऱ्हाणा घालूक व्हया.”

“हयसर तुजा कोण ऐकतलो रे? हयचो राखणदार अरबी बोलता.”

“राखणदाराक भाषा कळता. तुमी फकस्त व्हय म्हाराजा म्हणा.”

मी घड्याळ बघितलं. दुकान उघडायचं होतं. पण नवीन जागेला नारळ न ठेवता बी टाकायचं हे माझ्याही हाताला जड गेलं असतं. बुवाने टोपी सारखी केली, डोंगराकडे तोंड केलं आणि भजनातला आवाज काढला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या जागेचो जो कोण धनी, जो कोण राखणदार आसात, तेका आमी परमुलखातली लेकरां नारळ ठेवतव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“हय जो कोण चरूक येतलो, पाणी पियूक येतलो, तेची इडापिडा टाळ, आणि तेका आपल्या घराक सुखरूप पाठय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं, आणि दोघांनी बी फेकलं.

गाऱ्हाण्यात हे असं शेवटी येतंच. माणसांसाठी म्हणतात ते बुवाने जनावरांसाठी म्हटलं. मी हो ला हो दिला, रोजच्यासारखा.

घास उगवला, आणि पहिल्यांदा आले ते शेजारच्या शेळ्या. मग एक मोकाट उंट. बोटभर कोंब जमिनीबरोबर करून गेले. मी तारेचं कुंपण घातलं आणि डोंगराच्या अंगाला एक फाटक ठेवलं. दिवसभर फाटक बंद. संध्याकाळी शेळ्या घरी गेल्या की मी ते उघडायचं, सकाळी दुकानाला जाताना लावायचं. मी शेतातल्याच खोलीवर राहतो, त्यामुळे जमायचं. रोज संध्याकाळी त्याच क्रमाने: मोटर चालू, नळ्यांची तोंडं तपासायची, फाटक उघडायचं. ते करता करता गावी बायकोला फोन. शेतात रेंज कमी, म्हणून मी ओरडून बोलायचो.

“अवो, वरडतास कित्याक? कानठळ्यो बसल्यो माज्या!”

“ऐकाक येता मां तुका?”

“डोंगरापलीकडल्यांकय येता!”

डोंगरापलीकडल्यांना खरंच येत होतं, हे मला उशिरा कळलं.

एका संध्याकाळी मी नळीचं तोंड साफ करून मान वर केली तर फाटकात हरीण उभं. आमच्या भेकराहून उंच, पायांनी काटकुळं, अंगावर इथल्या मातीचाच रंग, म्हणून डोळे आधी दिसले. मी हललो नाही. बायको फोनमधून विचारत होती, “आसात मां? कट झालो काय?” मी फोन हाताने झाकला. ती मादी आत आली, कडेचे दोन घास खाल्ले आणि निघून गेली.

मग रोज. आधी अंधार पडता पडता, मग उजेडातच. मी काम करत असलो तरी ती यायची. मी पुढे सरकलो तर तेवढीच मागे, मी वळलो की परत खायला. मी ओरडून फोनवर बोलायचो तेव्हा कान माझ्याकडे, तोंड घासात. काही आठवड्यांनी पोटाने जड दिसायला लागली, मग काही दिवस आलीच नाही, आणि आली तेव्हा मागे काडीसारख्या पायांचं पिल्लू.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “माहेरवाशीण बाळंतपण करून इली म्हणा! तूप घाला तिका.” तेव्हापासून ती रोज पहिलं विचारायची, “माहेरवाशीण इली काय?” मग औषध, मग लाइटबिल.

अर्बाब बघायला आले. साठी ओलांडलेले, गुडघ्यांनी त्रासलेले. खोलीच्या पायरीवर बसले, खिडकीतून काहीतरी बघावं तसे बघत. लहानपणी वडिलांबरोबर उंटावरून जायचे, तेव्हा इथे कळप असायचे, म्हणाले. मग बंदी आली, आणि बरं झालं आली, नाहीतर ही दोनही उरली नसती. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “शाबास, सदीक.” त्या दिवशी मी ते काम यादीतून खोडलं.

खोडायला नको होतं. आठवड्याभराने ते दुकानात आले ते काहवा न मागता बसले. मग म्हणाले, “घासाच्या या बाजूला, खजुराच्या फांद्यांचा एक आडोसा कर. एक माणूस बसेल एवढा. वारा डोंगराकडून येतो ना संध्याकाळी?”

“हो. कशासाठी?” माझ्या तोंडून गेलं.

त्यांच्या मुलीचे सासरे येणार होते. मजलिसमध्ये, पुरुषांच्या बैठकीत, बोलता बोलता अर्बाबनेच सांगितलं होतं की माझ्या शेतात हरणं रोज येतात, माणसाला भीत नाहीत. सासऱ्यांनी त्यांचा हात धरून म्हटलं, “मग या खेपेला तुझ्याकडे हरणाचा भात.” चार लोकांत म्हटलं. अर्बाब हसले, आणि हसणं म्हणजे हो झालं.

“अर्बाब, बंदी आहे,” मी म्हटलं.

“मला माहीत आहे.”

“ती दोन आहेत फक्त. एक पिल्लू.”

“सदीक, मुलगी त्यांच्या घरात आहे.”

व्याह्याला नाही म्हणता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे व्याह्यासाठी लोकांनी राखीव रेडा विकला आहे, दाढेचं दुखणं लपवून त्याच्या पंगतीला हसत जेवले आहेत. अर्बाब माझ्याकडे बघत नव्हते, बोटांनी टेबलावर रेघ ओढत होते. मी त्यांना तसं पहिल्यांदा बघितलं. वाईट माणूस असता तर मला भांडता आलं असतं.

बुवा म्हणाला, “फोन करा वनखात्यावाल्यांका. नंबर आसा.”

“आणि मगे? पोलीस अर्बाबच्या दारात. माझो व्हिसा कोणाच्या हातात आसा?”

“मगे गाऱ्हाण्याचा काय?”

“तू घातलंस तां.”

“व्हय म्हाराजा तुमी म्हटलास.”

मला चीड आली, कारण तो हसत नव्हता. फोन मी काढला, नंबर बघितला, ठेवला. माझ्या बायपासच्या वेळी याच माणसाने, म्हणजे अर्बाबने, इस्पितळात गुडघे धरून खुर्चीवर रात्र काढली होती. त्याच्या दारात पोलीस पाठवायचे? आणि नाही पाठवायचे तर? दोन्ही बाजूंनी विचार करून बघितला. माझ्यासारख्या माणसाला सवय असते की समस्या म्हटली की उपाय असतो, फक्त क्रम लावायचा. मी क्रम लावला.

पहिलं, घास कापून टाकला. सगळा, बुडापासून. चारा अर्बाबच्या शेळ्यांना घातला आणि म्हटलं, कापणीला आला होता. हरणं दोन दिवस आली, हुंगून गेली. मग जे फुटलं ते आधीच्यापेक्षा कोवळं. मी शेतकऱ्याचा पोर, घास कापला की जोरात येतो हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच. घाईत सुचलं ते केलं. दोघं आता जास्त वेळ थांबायला लागली.

दुसरं, फाटक उघडलं नाही. ती दोघं तारेबाहेर उभी राहिली. अंधार पडेपर्यंत उभी. सकाळी मी बघितलं तर पिल्लू तारेखालून आत आलं होतं आणि आई बाहेर येरझाऱ्या घालत होती, पिल्लाला बाहेरची वाट सापडत नव्हती. मला जाऊन फाटक उघडावं लागलं.

तिसरं ते लहानपणचं. माझा आठवडाभर घातलेला निळा शर्ट, घामाने कडक झालेला, काठीवर अडकवला आणि घासाच्या मधोमध रोवला. बाह्या दोरीने ताणल्या. बाप असाच लावायचा. माणसाचा वास.

संध्याकाळी मी खोलीच्या पायरीवरून बघत बसलो. मादी फाटकातून आली. थांबली. नाक वर केलं. मग सरळ शर्टापाशी गेली आणि त्याच्या बाहीखालचा घास खायला लागली. पिल्लू काठीला अंग घासत होतं.

तेव्हा मला कळलं मी इतके महिने काय पेरत होतो. आमच्या गावातल्या भेकराला माणसाचा वास म्हणजे बंदूक. हिला माणसाचा वास म्हणजे मी. मोटर चालू करणारा, नळी साफ करणारा, फाटक उघडणारा, ओरडून बोलणारा. जिथे मी असतो तिथे पाणी असतं, आणि शेळ्या नसतात, आणि कधीच काही वाईट झालेलं नसतं. ते सगळं मी रोज वेळेवर, एकही दिवस न चुकवता तिला शिकवलं होतं. आता ते काढून कसं घ्यायचं याचा उपाय माझ्याकडे नव्हता. दगड मारून बघितला. तिला वाटलं मी नेहमीसारखे गोटे वेचतोय.

बायकोने विचारलं, “माहेरवाशीण इली काय?”

“इली.”

“मगे आवाज असो कित्याक?”

“रेंज नाय.”

व्याही आले ते दुपारी. उंच, हसरे, हातात खजुरांचा डबा, माझ्याशी हिंदीत बोलले, माझ्या मुलाचं विचारलं. आडोसा बघून म्हणाले, “बहोत अच्छा बनाया.” मग शर्ट दिसला. जवळ जाऊन बघितला आणि मोठ्याने हसले.

“ये तुम्हारा दिमाग है? हिरन को लगता है तुम खडा है! वाह. इसको रहने दो.”

अर्बाब म्हणाले, “सदीक, तू रोजचं काम कर. रोजच्यासारखंच. नाहीतर हरणांना संशय येईल.” हे ते हळू बोलले, अरबीत, आणि शेवटी “माफ कर” असंही म्हणाले. की मला तसं ऐकू आलं.

मी मोटर चालू केली. नळ्यांची तोंडं तपासली. फाटकापाशी गेलो. कडी हातात धरून उभा राहिलो आणि माझ्या मनात एकच विचार आला की ही कडी गंजली आहे, तेल द्यायला पाहिजे. एवढ्या वर्षांची सवय, संकटातही काम दिसतं. मागे आडोशातून खजुराच्या फांद्या हलल्याचा आवाज आला. मी फाटक उघडलं.

आणि परत खोलीकडे न जाता कुंपणाच्या कोपऱ्यावर थांबलो. ठरवलं होतं की दिसली की ओरडायचं. ओरडायला काय, सवय होती म्हणता येईल, फोन चालू होता म्हणता येईल. नोकरीलाही धक्का नाही. एवढा एक मार्ग उरला होता आणि मला तो फार हुशारीचा वाटला होता.

ती आली. पिल्लू मागे, फाटकाबाहेरच कशाला तरी हुंगत. ती आत येऊन घासात उभी राहिली तेव्हा मी पोटातून आरोळी दिली. माचावरची, रानडुकरं पळवायची आरोळी. “हूऽऽ हाऽऽ! हाईऽऽक!”

माझा आवाज डोंगरावर आपटून परत आला. तिने मान वर केली. कान माझ्याकडे केले. जागची हलली नाही. माझ्याकडे बघत शांत उभी राहिली, अंग आडवं, आडोशाच्या समोर. फोनवर ओरडणारा तो, एवढंच.

मग बार झाला.

पिल्लू कुठल्या बाजूला गेलं ते मी बघितलं नाही. शर्टाची एक बाही दोरीतून सुटून लोंबत होती. व्याही आडोशातून बाहेर आले आणि मला म्हणाले, “शाबास! तुम आवाज दिया तो वो एकदम खडी रह गई. ऐसा हाँका मैंने नहीं देखा.”

आमच्या गावी पारध झाली की हाकाऱ्याचा वाटा वेगळा काढतात. तो न घेणं म्हणजे पारधीचा अपमान. इथेही मांस एकट्याने खात नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्बाबच्या घरून झाकलेलं ताट आलं, भात आणि वर तुकडे. ड्रायव्हर म्हणून ते आणायला बुवालाच पाठवलं होतं. त्याने ताट ओट्यावर ठेवलं.

“तुमचो वाटो,” म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला दुसरा शब्द सुचला नाही.

“तू खा.”

“माका नको.”

ताट तसंच राहिलं. संध्याकाळी मी ते धुवून परत पाठवलं. मधे काय केलं ते बुवाने विचारलं नाही. खजुरांच्या मागे खड्डा काढला होता, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर गोटे लावले, त्याच तुकड्यातून वेचलेले.

अर्बाब काही दिवस शेतात आले नाहीत. आले तेव्हा घासाकडे न बघता म्हणाले, “खलास, सदीक. ते काढून टाक.” मी आनंदाने काढलं. कुंपणाची तार गुंडाळून ठेवली, फाटक बिजागऱ्यांसकट काढून शेळ्यांच्या गोठ्याला लावलं, ठिबकच्या नळ्या केळीला नेल्या, ट्रॅक्टर फिरवला. शर्ट जाळला. सगळं एका सकाळी.

पण गताची मुळं पुरुषभर खोल जातात. पाइपची जोडणी जिथे गळायची तिथे पुन्हा हिरवे झुबके फुटले. मी उपटतो, ते येतात.

आणि ते पिल्लू येतं. जगलं कसं मला माहीत नाही. आता पिल्लू म्हणायचं म्हणजे उंचीने आईच्या जवळ आलंय. संध्याकाळी मी केळीला पाणी सोडायला जातो आणि फोन येतो, तेव्हा डोंगराकडून उतरतं. कुंपण नाही, कुठूनही यावं. ते कुठूनही येत नाही. फाटक होतं त्या जागेपाशी येऊन थांबतं.

बायको विचारते, “कोण दिसता काय?”

मी म्हणतो, “नाय. आता उन्हाळो सुरू झालो, येणत नाय.” आणि शक्य तितक्या हळू बोलतो. तिला ऐकू येत नाही, ती म्हणते मोठ्यान बोला. मी फोन बंद करतो, दोन्ही हात वर करून त्याच्या दिशेने धावतो, टाळ्या वाजवतो, खरे दगड मारतो, लागतील असे. ते दहा पावलं मागे जातं. मान वळवून उभं राहतं, मी काय ते काम उरकेपर्यंत. मग परत त्या जागेवर येतं, आणि मी कडी काढायची वाट बघतं.